शोभेची असले म्हणून काय झालं

मित्रांनो, मी एक जुनी शोभेची मिरची आहे. भाजीची मिरची एका हंगामात फळते, तोडली जाते आणि हंगाम सरला की उपटून बांधावर फेकली जाते. मी मात्र मिरजगावच्या या वस्तीवर कितीतरी उन्हाळे काढले आहेत. माझं खोड आता लाकडासारखं टणक झालं आहे आणि त्यावर करडी साल आली आहे. मिरचीचं झाड म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल येऊन मला बघून जावं.

मी गोडेतेलाच्या कापलेल्या डब्यात राहते. माझ्या मिरच्या बोटाच्या पेराएवढ्या असतात. आधी जांभळ्या, मग पिवळट, मग नारिंगी आणि शेवटी लालभडक. हे सगळे रंग एकाच वेळी माझ्या अंगावर असतात. शिवाय माझ्या मिरच्या खाली लोंबत नाहीत. देठावर ताठ उभ्या राहतात, टोकं आभाळाकडे करून. रानातल्या मिरच्या कशा बिचाऱ्या माना खाली घालून असतात. मला ते कधी जमलं नाही, आणि जमवावं असं वाटलंही नाही.

माझा जन्म महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेत झाला. काळ्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरून त्यात आमचं बी टोचलं होतं. मिरचीचं बी भारी आळशी. शेजारच्या ट्रेमधला झेंडू उगवून वाऱ्यावर डोलायला लागला, तरी आम्ही आत झोपलेलेच. जराशी ऊब मिळाल्याशिवाय आम्ही डोकं वर काढत नाही. तिथल्या बायका ट्रेवर गोणपाट टाकून ठेवायच्या, तेव्हा कुठे आम्ही उगवलो.

मला पहिल्या जांभळ्या मिरच्या लागल्या आणि माझं कौतुक सुरू झालं. रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून माझ्याबरोबर फोटो काढायचे. "कित्ती गोड," म्हणायचे. तिखटाला गोड म्हणणारी ती माणसं पाहून मला हसू यायचं. फोटो काढून झाला की ती गुलाब घेऊन निघून जायची. मी तिथेच राहिले. पिशवी लहान पडायला लागली, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून एकमेकींत अडकली. पानांवर मावा नावाची कीड चढली. शेवटी कल्याण नावाच्या रोपं विकणाऱ्या माणसाच्या टेम्पोत, अगदी मागच्या कोपऱ्यात, मला टाकलं गेलं आणि मी गावोगावचे बाजार हिंडू लागले.

मिरजगावच्या बाजारात कडूबाई लसूण घ्यायला आली होती. लसणाची पिशवी काखोटीला मारून ती टेम्पोजवळून जात होती. जाता जाता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तोपर्यंत माझी पानं आकसून गेली होती. अंगावर मोजक्याच मिरच्या उरल्या होत्या, पण त्या ताठ होत्या.

"हे कशाचं रोप रं?" तिनं विचारलं.

"मिरची हाय मावशी," कल्याण म्हणाला. "पन शोभेची. खायची न्हाई. आनि ते वाळून चाललंय, त्येला काय करता? दुसरं चांगलं दावतो."

"दुसरं नगं. हेच दे."

"तसंच न्या मग. मी टाकूनच देनार हुतो."

अशी मी लसणाच्या पिशवीत बसून वस्तीवर आले.

कडूबाईचं नाव कडू का, तेही सांगते. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हिचं नाव कडू ठेवलं. कडू घास मरण तोंडात घेणार नाही, असा त्या माणसांचा भाबडा विचार. ती जगली. लग्न होऊन मिरजगावला आली. तिचा नवरा गहिनीनाथ बऱ्याच वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नव्हतं. दीर हनुमंत, जाऊ राहीबाई आणि त्यांची मुलगी पूजा यांच्या शेजारी, एकाच अंगणात, तिची वेगळी चूल होती. स्वतःच्या वाटणीचं रान ती स्वतः कसायची आणि कुणापुढे हात पसरायची नाही. ती कडू, मी तिखट, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

तिनं तेलाचा डबा कापला, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगाळते. डब्यातल्या मुळांना ती मानवत नाही. म्हणून तिनं ओढ्यातली वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं. माझी गुंतलेली मुळं हलक्या हातानं मोकळी केली. माव्यासाठी आंबट ताक शिंपडलं. मग निंबोळ्या ठेचून, त्यांचं पाणी गाळून तेही शिंपडलं. रोज सकाळी ती मातीत बोट खुपसून बघायची. बोट कोरडं निघालं तरच पाणी, नाहीतर नाही. मला नवी पानं फुटली तसा तिनं माझा शेंडा खुडला. मला आधी राग आला होता. पण शेंडा खुडल्यावर बाजूने फांद्या फुटतात, हे तिला ठाऊक होतं. फुलं आली की ती फांदीला बोटानं हळूच टिचकी मारायची, म्हणजे पराग पडतो आणि मिरची धरते. वैशाखात दुपारचं ऊन डोक्यावर आलं की मला ओढत भिंतीच्या सावलीला न्यायची.

पण मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं असेल, या सगळ्याची अंगणात चर्चा होणारच होती. पहिल्याच आठवड्यात राहीबाईनं नाक मुरडलं.

"आक्का, हितं रानातली पिकं करपाय लागलीत, आनि तुमी शोभेचं झाड घिऊन आलाव? तुमच्या दारात असं रंगीबेरंगी शोभतं व्हय?"

तुमच्या दारात, म्हणजे विधवेच्या दारात. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा कळलं. आता बघा, मी शोभेची, आणि मीच शोभत नाही. हा कुठला न्याय, ते मला अजून कळलेलं नाही.

कडूबाई गडबडली. "अगं, ह्याच्या वासानं साप-विंचू येत न्हाईत म्हनं," ती म्हणाली.

हे साफ खोटं होतं. माझ्या फुलांना नाव घेण्यासारखा वास नाही, आणि विंचवाचं म्हणाल, तर एक विंचू माझ्याच डब्याखाली सुखानं राहत होता. पण राहीबाईला ते पटलं. पुढच्या वर्षी हनुमंतनं विचारलं, "वहिनी, हे झाड कशाला जपताव एवढं?" तेव्हा ती म्हणाली, "पाला गुडघ्याला बांधाय बरा असतो भाऊजी." तो पाला तिनं कधीच बांधला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारणीनं विचारलं, तेव्हा राहीबाईच्या देखत ती म्हणाली, "दृष्ट काढायला ही मिरची लई चांगली."

मला याचा फार राग यायचा. अंगणातला बैल औत ओढत होता, कोंबड्या अंडी देत होत्या, कडुनिंब सावली देत होता. प्रत्येकाला काहीतरी काम होतं. बिनकामाचं काही जवळ ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही, असं कडूबाईला मनातून वाटायचं, म्हणून ती दर वर्षी माझ्यासाठी नवीन काम शोधून काढायची. मी गुडघ्याचं औषध नाही आणि सापाचा पहारेकरीही नाही. मी तिला आवडत होते, एवढंच खरं होतं, आणि तेवढं सोडून ती बाकी सगळं बोलायची.

आणि तिच्या त्या शेवटच्या थापेनंच आम्हा दोघींना गोत्यात आणलं.

त्या माघात पूजाला बघायला देवळाली प्रवराहून पाहुणे येणार होते. उसाच्या पट्ट्यातलं बागाईतदार घर, त्यामुळे राहीबाईची सकाळपासून धावपळ चालली होती. पूजा कर्जतला कॉलेजात शिकत होती. ती हुशार पोरगी माझ्याजवळ उकिडवी बसून मोबाईलवर मैत्रिणींशी तासन्‌तास बोलायची आणि बोलता बोलता माझ्या पानांवरचा मावा टिपायची. त्या दिवशी तिला साडी नेसवली होती आणि "मान खाली ठिव, जास्त बोलू नको," असं दहा वेळा बजावलं होतं.

राहीबाई कडूबाईकडे आली. "आक्का, पावनं हायेत तवर तुमी मागंच ऱ्हावा. वाईट वाटून घिऊ नका. पन शुभ काम हाय. आनि तेवढा तो डबाबी मागं न्या."

कडूबाईनं पदर खोचला, मला उचललं आणि घरामागे न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून ती माझ्या शेजारीच बसली. आम्ही दोघी तिथून पाहुण्यांचे आवाज ऐकत राहिलो.

आपल्याकडे दृष्ट कशी काढतात, ते तुम्ही घरी पाहिलंच असेल. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माणसावरून ओवाळायच्या आणि चुलीत टाकायच्या. मिरच्या जळून ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि ठसका लागलाच नाही तर दृष्ट जबर होती, असं समजतात. पूजा नटून उभी राहिली तसं राहीबाईला वाटलं, पोरीला कुणाची दृष्ट नको लागायला. घरातल्या सुक्या मिरच्या वाटणात संपल्या होत्या. मागच्या पडवीत सुपात माझ्या पिकलेल्या मिरच्या वाळत होत्या. तिनं त्यातली चांगली ओंजळभर उचलली.

"राहे, त्या नगं," कडूबाई घाईनं उठली. "त्या लई..."

"तुमीच म्हनलाव ना, दृष्टीला चांगल्या म्हनून?"

यावर कडूबाई काय बोलणार? ती राहीबाईच्या मागोमाग चुलीकडे धावली, पण तेवढ्यात राहीबाईनं ओंजळ चुलीत रिकामी केली.

मित्रांनो, माझी एक मिरची अख्ख्या आमटीला पुरते. तिथे ओंजळभर जळाल्या. धूर स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून ओसरीवर गेला. मागेही थांबवेना, तशी कडूबाई मला उचलून पुढच्या अंगणात घेऊन आली. आधी हनुमंतला ठसका लागला. मग मुलाच्या मामांना लागला, तोही तोंडात पोह्यांचा घास असताना. मुलगा चष्मा काढून डोळे चोळायला लागला आणि त्याचे काका त्याच्या पाठीत दणके घालायला लागले. कोंबड्या ओरडत बाभळीकडे पळाल्या. सगळी सभा खोकत खोकत कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. पूजा चहाचा ट्रे घेऊन त्या धुरातून बाहेर आली. मान खाली घालणं राहिलं बाजूला, ती ठसक्यानं मान वर करकरून खोकत होती. मुलाच्या आणि तिच्या दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लग्न ठरण्याआधीच दोघांना असं रडताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मामांना दमा होता. ते बाजेवर बसले आणि बराच वेळ त्यांची धाप थांबेना. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. गूळ, कोमट पाणी असं करत करत ते सावरले. पोहे अर्धेच ठेवून पाहुणे उठले आणि दिवस मावळायच्या आत त्यांचा निरोप आला, आमचं जमायचं नाही.

राहीबाई पदरात तोंड घालून रडायला लागली. राग आधी कुणावर काढावा ते हनुमंतला कळेना. मग त्याला मी सापडले.

"गावभर शोभा झाली आमची," तो म्हणाला. "वहिनी, ते इखारी झाड उद्या अंगनात दिसता कामा न्हाई."

"ठसका लागला म्हंजी दृष्ट नव्हती भाऊजी," कडूबाई म्हणाली. "मग पोरीचं वाईट काय झालं?"

"चेष्टा करू नका. शोभेचं झाड हाय, त्यो रोपवालाच म्हनला हुता ना, खायचं न्हाई म्हनून? म्हंजी इखच झालं की. आज धुरानं त्यो मानूस मराय टेकला. उद्या कुनाच्या पोटात गेलं तर? उपटून टाका, न्हाईतर मी टाकतो."

कडूबाईनं माझ्याकडे पाहिलं. ती आता पुन्हा काहीतरी औषध-बिवषध सांगेल, असं मला वाटलं. पण ती घरात जाऊन खलबत्ता घेऊन आली आणि अंगणाच्या मधोमध बसली. सगळ्यांच्या देखत तिनं माझ्या पिकलेल्या मिरच्या खुडल्या. लसूण आणि मीठ घालून त्या कच्च्याच कुटल्या, कारण धूर तेवढा पुरे झाला होता. सकाळची बाजरीची भाकरी होती. भाकरीवर ठेचा घेतला आणि ती खायला लागली.

पहिल्या घासाला तिचे कान लाल झाले. दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, पण तिनं ना ते पुसलं, ना पाण्याचा तांब्या जवळ घेतला. ती सावकाश चावून खात होती, आणि खाताना हनुमंतकडे बघत होती. भाकरीचा शेवटचा तुकडाही तिनं संपवला. मला त्या घटकेला इतका अभिमान वाटला की तो कसा सांगावा ते कळत नाही.

"इख असतं तर आत्ता आडवी पडले असते," ती म्हणाली. "बसलेय की."

राहीबाईनं रडता रडताच ताकाचं भांडं तिच्या पुढे सरकवलं.

इथे तुम्हाला एक सांगून ठेवते. कल्याण बोलला ते तेव्हापुरतं खोटं नव्हतं. रोपवाटिकेत आमच्यावर औषधं मारलेली असतात, म्हणून नुकत्याच आणलेल्या शोभेच्या झाडाचं फळ तोंडात घालू नका. आणि माझी मिरची खुडलेला हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. पण कडूबाईच्या दारात माझ्यावर ताक आणि निंबोळीचं पाणी यांशिवाय काही पडलं नव्हतं. मला कोणी तिखट म्हणा, मी मान्य करीन. विषारी म्हणालात तर ऐकून घेणार नाही.

हनुमंत तेव्हा घरात निघून गेला. पण त्याचा राग गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई ज्वारीच्या रानात गेली आणि तो कोयता घेऊन माझ्यासमोर आला.

"आबा, नगा ना," पूजा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. एकाच घावात त्यानं मला तोडलं.

दुखलं का? दुखलं तर. माझ्या सगळ्या फांद्या, पानं, पिकलेल्या आणि कच्च्या मिरच्या अंगणात पडल्या आणि डब्यात चार बोटं उंचीचा खुंट तेवढा राहिला. मला वाटलं, संपलं आपलं.

कडूबाई परत आली. तिनं पडलेल्या फांद्या बाजूला सारल्या. मग खाली बसली आणि तिनं अंगठ्याच्या नखानं माझं खोड जरासं खरवडलं. सालीच्या आत हिरवं होतं.

"तोडलीय," ती मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "उपटली न्हाई."

तिनं राख कालवून माझ्या घावावर लावली. पडलेल्या मिरच्या वेचून सुपात ठेवल्या. डबा होता तिथेच, दारासमोर ठेवला. खरं तर तिला तो मागे नेता आला असता, पण तिनं नेला नाही. येणारे-जाणारे हसायचे. वाळक्या खुंटाला पाणी घालणारी बाई म्हणून तिची शोभा होत राहिली. राहीबाईनं एकदा विचारलंच, "आक्का, आता ह्या खुंटापायी कशाला जीव टाकताव?" कडूबाईनं या वेळी साप काढला नाही की गुडघा काढला नाही. ती नुसती मातीत बोट खुपसून बघत राहिली.

तोडलेल्या झाडाला पाणी अगदी बेतानं द्यायचं असतं. पानंच नसतात, तर ते पाणी पिणार कोण? पुष्कळ माणसं इथेच चुकतात. मायेनं रोज तांब्या ओततात आणि मुळं कुजवतात. कडूबाई चुकली नाही. दुपारच्या उन्हासाठी पूजानं तिची जुनी छत्री माझ्यावर बांधली. आणि एके दिवशी माझ्या खुंटावर मोहरीएवढा हिरवा ठिपका आला. मग त्याच्या खाली आणखी एक. उन्हाळा सरेपर्यंत मला एवढे फुटवे आले की कडूबाईला ते विरळ करावे लागले. पूर्वी मी उंच आणि किडकिडीत होते, आता चांगली घेरदार झाले.

हनुमंत माझ्या बाजूला बघायचं टाळायचा. पण कडूबाई माहेरी गेली होती तेव्हा तो रोज सकाळी तोंड धुवायला माझ्याजवळ यायचा. चूळ बांधावर भरायची सोडून हा एवढ्या लांब का येतो, ते मला आधी कळेना. मग बघितलं तर निम्मा तांब्या आधी माझ्या मुळाशी रिता व्हायचा. ही गोष्ट त्यानं घरात कुणाला सांगितली नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं आणि पूजाला बघायला पुन्हा पाहुणे येणार असं ठरलं. या वेळी शनिशिंगणापूरच्या बाजूचे होते. मी रंगांनी नुसती भरून गेले होते. राहीबाईनं ओसरी सारवली, चादरी घातल्या आणि मग ती अवघडून कडूबाईसमोर उभी राहिली.

"आक्का, तेवढं मागल्यासारखं..."

कडूबाईनं मुकाट्यानं मला उचलायला हात घातला. एवढं सगळं होऊनही ती मागे जायला निघाली होती. सवय माणसाला अशी ओढते. पण पूजा मध्ये आली.

"मोठी आई मागं बसनार असंल, तर मीबी मागंच बसते," ती आईला म्हणाली. "पावन्यांना म्हनावं, पोहे मागं येऊन खावा."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. मागच्या टायमाला तिला मागं ठिवलंच हुतं ना? काय जमलं?"

तिनं डबा उचलला, साडीला माती लागली तरी फिकीर केली नाही आणि मला ओसरीच्या पायरीवर, अगदी पाहुण्यांच्या वाटेत ठेवलं. राहीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. हनुमंत टोपी झटकत होता. टोपी झटकता झटकताच म्हणाला, "वहिनी, बसा की हितंच. उगं येळ नका लावू."

पाहुणे आले. मुलाची आत्या मोठी चौकस बाई होती. ती पायरीवरच थांबली आणि वाकून मला बघायला लागली.

"ही मिरची व्हय? असली कधी बघितली न्हाई. खाता का?"

"खायची म्हनलं तर खाता येती," कडूबाई म्हणाली. "मी खाल्लीय."

"मग रोज तर खात न्हाई. एवढी कशाला जपलीय दारात?"

झालं. तोच प्रश्न. राहीबाई घाईघाईनं म्हणाली, "त्याचं काय हाय, दृष्टीला..." आणि तिचं तिलाच आठवलं, तशी गप्प झाली. हनुमंत छताकडे बघायला लागला. मी वाट बघत होते. आता साप येतो, गुडघा येतो की आणखी काही नवीन.

कडूबाईनं पदर सारखा केला.

"मला आवडती म्हनून," ती म्हणाली.

एवढंच. तेही सावकाश, मान वर करून, पाहुण्या बाईच्या डोळ्यांत बघून. आभाळ कोसळलं नाही. कुणाला ठसकाही लागला नाही. आत्यानं मान डोलावली आणि म्हणाली, "आवडती व्हय. मग बरं केलं." आणि ओसरीवर जाऊन कडूबाईच्या शेजारी बसली.

सोयरीक जमली की नाही, असं तुम्ही विचाराल. ती पूजाची गोष्ट आहे, तिला विचारा. माझी गोष्ट तिथे पुरी झाली, कारण मी अजून ओसरीच्या पायरीवर आहे आणि कडूबाईनं त्या दिवसापासून माझ्यावर कुठलंही काम लादलेलं नाही. परवा तिनं माझ्या पिकलेल्या मिरच्यांचं बी काढून राखेत चोळून ठेवलं. थंडी सरली की पेरणार आहे. त्यासाठी तेलाचे आणखी डबे जमवायचं काम हनुमंतनं घेतलं आहे.

तर मित्रांनो, आम्हाला भरपूर ऊन द्या, पाणी जपून द्या आणि पानं गळाली म्हणून लगेच उकिरड्यावर टाकू नका. आधी नखानं खोड खरवडून बघा. आणि तुमच्या घरातही अशी कुणी असेल. तुमची काकू असेल, आत्या असेल, थोरली आई असेल. सगळ्यांचं करता करता ती कधीतरी बाजारातून एखादं झाड घेऊन येईल. तिला कारण विचारू नका. तिला डब्याला भोकं पाडून द्या.